मागचा दिवा

"शुगर निघाली काय, सर?"

गेली तीन वर्षे हा प्रश्न मला बीड शहरातील निदान शंभर माणसांनी विचारला असेल. विचारणाऱ्यांत आमचा दूधवाला आहे, बँकेतले कॅशियर आहेत, वर्गातल्या मागच्या बाकावरची मुले आहेत आणि माझे सख्खे मेहुणेही आहेत. कारण एवढेच, की मी पहाटे सायकल चालवतो. पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असलेला, दारात चारचाकी उभी असलेला मराठीचा प्राध्यापक सायकलवर दिसला, की आमच्या गावाला त्याची दोनच कारणे सुचतात. एक तर त्याची मोटार बिघडली असली पाहिजे, नाही तर त्याचे रक्त. आमचा जिल्हा ऊसतोड कामगारांचा. निम्म्या महाराष्ट्राच्या चहात जी साखर पडते तिचा ऊस आमच्या माणसांनी तोडलेला असतो. पण आमच्याकडे साखर म्हणजे साखर आणि शुगर म्हणजे रोग. ह्या दोन शब्दांची गल्लत आमच्याकडे कोणी करत नाही.

ह्या सदराच्या जुन्या वाचकांना माझे वजन ठाऊक आहे. साहित्यातले नव्हे, ते नाहीच. काट्यावरचे म्हणतो. शुगर निघालेली नव्हती, परंतु निघण्याच्या बेतात होती, आणि डॉक्टरांनी "सर, आता हालचाल करा" असे ज्या स्वरात सांगितले तो मला आवडला नाही. पहिले पंधरा दिवस मी चालावयास गेलो. परंतु चालावयास येणारी मंडळी म्हणजे आमचीच मंडळी. जी स्टाफरूममध्ये बसून बोलतात ती तिथे चालत बोलत होती, आणि विषयही तेच, वेतननिश्चिती आणि कोणाची फाइल कुठे अडली हा. घाम येण्याऐवजी मला राग येऊ लागला. म्हणून सायकल घेतली.

तिची किंमत मी घरी अजून पूर्ण सांगितलेली नाही. सायकल दारात आली तेव्हा सौभाग्यवतींनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, "अहो, हिला मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटी नाही. एवढ्या पैशांत त्यांनी निदान घोडा तरी द्यायचा!" खरेच, ह्या नव्या जातीच्या सायकलींना उभे राहता येत नाही. त्यांना कायम कशाला तरी टेकवावे लागते. घंटी मी नंतर वेगळी घेतली, आणि पुढचा व मागचा दिवाही. ते दिवे पिन लावून मोबाइलसारखे चार्ज होतात. मागचा लाल दिवा लुकलुकतो आणि तो अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो असे दुकानदाराने सांगितले.

वडिलांच्या सायकलीला असला काही थाट नव्हता. ते प्राथमिक शिक्षक. बीडहून नेकनूरच्या बाजूच्या एका खेड्यात त्यांची शाळा, आणि शनिवारी घरी यावयाचे ते सायकलवरून. काळी, जड, अ‍ॅटलसची सायकल. (त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. तो नेमका जागतिक सायकल दिन होता, हे वर्तमानपत्रात वाचून मला बराच वेळ चहा गोड लागला नाही.) तिला डायनमो होता, पण तो लावला की चाक जड होई, म्हणून घाटात ते तो लावतच नसत. मागच्या मडगार्डाचे टोक पांढऱ्या रंगाने रंगवलेले आणि त्याच्यावर एक तांबडी काच. बस्स. त्या काळी रस्ता एका गाडीच्या रुंदीचा होता. समोरून एस.टी. आली की वडील खाली उतरत, सायकल बाजूला घेऊन उभे राहत आणि तोंडावर उपरण्याचे टोक धरत. धुरळा बसला की पुन्हा टांग टाकत. परंतु ड्रायव्हर लांबूनच दिवा खाली करी, गाडी हळू करी आणि खिडकीतून हात बाहेर काढून म्हणे, "मास्तर, आज उशीर झाला!" माझ्या आठवणीत वडिलांचा प्रवास म्हणजे ह्या एका वाक्याचा आहे. त्या ड्रायव्हरचे नाव वडिलांना ठाऊक होते, आणि त्याला वडिलांची वेळ ठाऊक होती.

माझी वेळ कोणाला ठाऊक नाही. आणि असणार तरी कशी? धुळे–सोलापूर महामार्ग आता चौपदरी झाला आहे. पूर्वी त्याला २११ म्हणत, आता ५२ म्हणतात. शहराला वळसा घालून गाड्या निघून जातात. पहाटे चारला मी त्या रस्त्याला लागतो तेव्हा त्यावरच्या माणसांत बीडचा मी एकटाच असतो की काय असे वाटते. बाकी सारे राजस्थानचे, तामिळनाडूचे, पंजाबचे. कांदा, टरबूज, सिमेंट, मोटारी घेऊन चाललेले. पालीजवळ बिंदुसरेच्या धरणावरून गार वारा येतो. पुढे बालाघाटाचा चढ लागतो आणि मांजरसुंब्याच्या घाटात माझा वेग माणसाच्या चालण्याइतका होतो. मालमोटारीही तिथे रांगतात. त्या अवस्थेत आम्हां दोघांत एक प्रकारचा बंधुभाव असतो. एकदा एका मालमोटारीचा क्लीनर दारातून मान बाहेर काढून माझ्याकडे इतक्या करुणेने पाहत होता की मला वाटले, हा आता मला दोरी टाकतो.

चढाला बंधुभाव असतो, सपाटीवर तो संपतो. ताशी ऐंशीने येणारी गाडी सेकंदाला बावीस मीटर कापते. मी वीसने जात असेन तर साडेपाच. तिने मला दोनशे मीटरवरून पाहिले तर तिच्याजवळ बारा सेकंद असतात, आणि पन्नासवरून पाहिले तर तीन. तीन सेकंदांत झोपाळू माणसाचा एक जांभईसुद्धा पुरी होत नाही. आणि नुसते वाचलो म्हणजे झाले असेही नाही. मोठी मालमोटार खेटून गेली की आधी तिच्या वाऱ्याचा धक्का तुम्हांला रस्त्याबाहेर लोटतो, आणि ती पुढे सरकली की तोच वारा आत ओढतो. ह्या दुसऱ्या ओढीची नवख्याला कल्पना नसते. म्हणून फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलीला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडण्याचा कायदाच आहे. आमच्याकडे अंतराऐवजी हॉर्न सोडतात. मालमोटारींच्या पाठीवरची 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बंद केली. अक्षरे बऱ्यापैकी गेली, हॉर्न राहिला.

ड्रायव्हर लोकांचा माझा अभ्यास तीन वर्षांचा आहे आणि तो पूर्णपणे पाठीच्या कण्याने केलेला आहे. एस.टी.चा ड्रायव्हर अजूनही सर्वांत सभ्य. तो जागा देतो. आपण मेलो तर चौकशी होईल ह्या भीतीने देत असेल, पण देतो. लांब पल्ल्याचा मालमोटारवाला वाईट नाही; त्याला रस्त्याची सवय आहे, दगा देते ती त्याची झोप. काळी-पिवळी जीपवाला सीट मिळाली की तुमच्या पुढ्यात थांबतो, त्यात त्याचा राग काही नसतो. दुधाचे कॅन लावून उलट्या बाजूने येणारा मोटारसायकलवाला हा मात्र आमच्या जिल्ह्याचा खास. त्याला वळसा घालून यावयाचे नसते, आणि तो तुमच्याकडे असा पाहतो, की चुकलात ते तुम्हीच. सर्वांत वाईट, सांगावयास लाज वाटते, आमच्यासारखे. नवी मोटार, काचा बंद, आत गाणे, आणि ड्रायव्हर सुशिक्षित.

हे केवळ आमच्या आडगावचे नाही. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईत, पामबीच रस्त्यावर, इंटेल कंपनीचे भारतातील माजी प्रमुख अवतार सैनी हे सोबत्यांबरोबर सायकल चालवीत असता मागून आलेल्या टॅक्सीने त्यांना उडवले. वय अडुसष्ट. ज्या माणसाने संगणकाच्या पेंटियम चिपवर काम केले, त्याचा शेवट एका सायकलीच्या मोडलेल्या सांगाड्यापाशी झाला. त्या दिवशी सौभाग्यवतींनी वर्तमानपत्र माझ्यापुढे ठेवले आणि काही बोलल्या नाहीत. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे सरकारी अहवाल सांगतो. त्यांत पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास मोटारसायकल-स्कूटरवाले, आणि वीस टक्क्यांच्या आसपास पायी चालणारे. म्हणजे पत्र्याच्या आत नसलेलेच पुष्कळ.

मग तुम्ही का जाता, असे वाचक विचारतील. घरीही हेच विचारतात. त्याचे उत्तर 'ब्रेव्हे' हे आहे. हा फ्रेंच शब्द. पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत आणि परत अशी बाराशे किलोमीटरांची सायकलयात्रा १८९१ सालापासून चालत आली आहे. आता ती चार वर्षांनी एकदा होते आणि नव्वद तासांत पुरी करावी लागते. तिच्याआधीच्या पायऱ्या म्हणजे ह्या ब्रेव्हे. पहिली पायरी दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. ह्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. जो वेळेत आला तो आला. मराठीच्या प्राध्यापकाला हे फार पटते. आम्हीही वर्षानुवर्षे पास-नापासावरच समाधानी असतो. हेल्मेट पाहिजे, चमकणारे जाकीट पाहिजे आणि पुढे-मागे दिवे पाहिजेत. नसले तर उभे करत नाहीत.

आणि मराठी माणसाने ह्यात थोडेथोडके केलेले नाही. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरांची शर्यत असते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन ह्या भावांनी २०१५ साली दोघांच्या जोडीने ती पुरी केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ ह्यांनी ती एकेकट्याने, बारा दिवसांच्या आत पुरी केली. ह्या शर्यतीतला एक नियम मला फार विचार करावयास लावतो. रात्री सायकलस्वाराच्या पाठोपाठ त्याच्याच माणसांची मोटार चालते आणि तिच्या दिव्याच्या उजेडातच त्याने राहावयाचे. पाठ राखणारा कोणी असल्याखेरीज रात्र त्याला कापू देत नाहीत.

आमच्या जिल्ह्यालाही असे वेड नवे नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी लहानपणी मैलोगणती चालत-पळत जाई. २०२३ साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचे सोने आणले. त्या आठवड्यात मला "शुगर निघाली काय" असे कोणी विचारले नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू झाले.

तर ब्रेव्हेसाठी सराव. आठवड्यातून दोन दिवस मांजरसुंबा, एक दिवस नेकनूर, आणि रविवारी केज. एकदा थेट अंबाजोगाईला जाऊन आलो. मराठीच्या प्राध्यापकाने अंबाजोगाईला जावे ते आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीसाठी. मी गेलो, स्टँडसमोर दोन प्लेट भजी खाल्ली आणि परत फिरलो. समाधीच्या पायऱ्या उतरण्याचे पायांत त्राण नव्हते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस होते. नेकनूरचा दिवस होता. पावणेचारला निघालो आणि सव्वापाचला नेकनूरहून मागे वळलो, कारण पहिला तास होता. हे दिवस म्हणजे आमच्याकडे रस्ता भरून वाहण्याचे. दसरा झाला, की टोळ्या निघतात. केज, धारूर, वडवणीकडून मांजरसुंब्याला यावयाचे आणि तिथून पाटोदा-जामखेडवरून नगर, पुणे, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. ट्रॉल्यांत पत्रे, बांबू, भांडी, धान्याची पोती, शेळ्या, कोंबड्या आणि त्यांवर माणसे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडावयाची. आमच्या वर्गातली पटसंख्या दिवाळीनंतर का घसरते, हे प्राचार्यांना दरवर्षी नव्याने समजावून द्यावे लागते.

असा एक ट्रॅक्टर मागून आला. ट्रॅक्टरचा वेग माझ्याहून थोडाच जास्त, त्यामुळे त्याला मला ओलांडावयास वेळ फार लागतो. टेपवर गाणे मोठ्याने लागलेले. इंजिन माझ्या बाजूने व्यवस्थित अंतर ठेवून गेले. पहिली ट्रॉली गेली. इतक्यात समोरून एक मालमोटार आली आणि ट्रॅक्टर डावीकडे सरकला. त्याच्या हिशेबी तो मला ओलांडून पुढे गेला होता. दुसरी ट्रॉली अजून माझ्या खांद्याशी होती, हे त्याच्या हिशेबात नव्हते. ती लोखंडी फळी माझ्याकडे येताना मी पाहिली. डांबर संपले, साइडपट्टीची खडी लागली, पुढचे चाक गेले आणि मी खाली चारीत, बाभळीच्या काटक्यांत.

वरून बायकांचा गलका ऐकू आला. "आरं थांबीव, माणूस पडलं!" टेपच्या आवाजात ड्रायव्हरला ते कुठून ऐकू येणार? मग कोणीतरी कोयत्याच्या मुठीने ट्रॉलीचा पत्रा बडवला आणि दोनशे फुटांवर तो ट्रॅक्टर थांबला.

मी उठून बसलो. कोपर सोलले होते, तळहातात काटे होते, हाड शाबूत होते. हे कळले तसा मला संताप आला. बावीस वर्षे मराठी शिकवून जमवलेला सारा शब्दसंग्रह मी त्या अंधारात मनाशी जुळवू लागलो. मोबाइलचा उजेड पाडीत एक तरुण पळत आला. त्याने माझ्या तोंडावर उजेड टाकला आणि तो तसाच उभा राहिला.

"सर? तुमी? ह्या येळंला हितं काय करायलाव?"

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होता. खिडकीकडच्या बाकावर बसे. एका निबंधाला मी त्याला वीसपैकी सतरा गुण दिले होते, आणि सतरा मी फारसे देत नाही. तिसऱ्या वर्षाला तो आलाच नाही. वडिलांची उचल फिटली नव्हती, असे कोणीतरी सांगितले होते. मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रेघ ओढली होती. जुळवलेले शब्द माझ्या तोंडातच राहिले.

एक म्हातारी ट्रॉलीवरून उतरून आली. तिने पुडीतली हळद माझ्या कोपरावर दाबली आणि म्हणाली, "शिकलेलं माणूस दिसतंय. आन् येवढ्या पहाटंचं सायकलवर? प्येट्रोल म्हाग झालं व्हय?" तिने शुगरचे विचारले नाही, ह्याचे मला तेवढ्यातही बरे वाटले.

"तुला मागचं दिसत नाही का रे?" मी त्याला शेवटी म्हणालो.

"सर, तुमी बसा बरं हितं," तो म्हणाला आणि त्याने मला धरून ट्रॅक्टरच्या सीटवर बसवले. "आता मागं बगा."

मी पाहिले. एका बाजूचा आरसा नव्हता, दुसऱ्या बाजूच्या आरशाची काच तडकलेली होती. मान वळवली तर पहिल्या ट्रॉलीची फळी, तिच्यावर बांधलेले पत्रे आणि वाकळा. तिच्यामागे काय आहे ते दिसण्याची सोयच नव्हती. रस्त्याची कड नाही, दुसरी ट्रॉली नाही, सायकल तर नाहीच.

"मागं बगायचं म्हंजी मागच्यांनी वरडायचं," तो म्हणाला. "दोन रात्री झाल्या, सर. ही तिसरी खेप. टेप नाही लावला तर डोळा लागतोय."

खाली उतरून मी शेवटच्या ट्रॉलीच्या मागे गेलो. माझी सायकल लोकांनी चारीतून काढून तिथेच टेकवून ठेवली होती, आणि तिचा मागचा दिवा अजून लुकलुकत होता. त्या लाल उजेडात मला ट्रॉलीची मागची फळी दिसली. दिवा नाही. तांबडी काच नाही, चमकती पट्टी नाही. मातीने माखलेले लोखंड, त्यावर लोंबणारे एक पोते. वर पाच-सहा पोरे एकमेकांत गुंतून झोपलेली. एवढा गोंधळ झाला तरी त्यांतले एकही जागे झालेले नव्हते. एक शेळी मात्र माझ्याकडे पाहत होती.

आणि मला एक जुनी रात्र आठवली. त्याच्याही आधीच्या वर्षी केजला एक लग्न होते. रात्री अकराच्या सुमारास मी मोटार घेऊन परत येत होतो. समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला आणि तो गेल्यावर पुढ्यात एकदम काळी भिंत उभी. करकचून ब्रेक दाबला. दोन हातांवर मोटार थांबली. मी हॉर्न वाजवला, काच खाली करून एक शिवी दिली, जी मी वर्गात कधी उच्चारलेली नाही, आणि बाजूने निघून गेलो. घरी येऊन ही हकीकत मी तिखटमीठ लावून सांगितली. तीत माझे प्रसंगावधान होते, मोटारीचे ब्रेक होते, ट्रॅक्टरवाल्यांचा बेजबाबदारपणा होता. त्या भिंतीवर कोणी झोपलेले असेल, हे तीत नव्हते. मी वर पाहिलेच नव्हते.

कायद्यात सारे आहे. वाहनाच्या मागे तांबडे परावर्तक पाहिजेत, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. ट्रॉलीतून माणसे नेऊ नयेत, हेही आहे. पण मुकादमाची घाई असते, ट्रॉली भाड्याची असते, आणि ट्रॉलीतून नाही न्यावयाची तर माणसे कशातून न्यावयाची, ह्याचे उत्तर नियमात नाही.

मी सायकलीचा मागचा दिवा काढला. त्याचा पट्टा त्या फळीच्या कडीला पुरेना, तेव्हा म्हातारीने पोत्याची सुतळी तोडून दिली. दोघांनी मिळून तो बांधला.

"सर, आन् तुमाला?"

"मला आता उजाडतंय," मी म्हणालो. उजाडावयास चांगला पाऊण तास होता.

ट्रॅक्टर निघाला. लाल ठिपका लुकलुकत चढाकडे गेला आणि किती तरी वेळ दिसत राहिला. दुकानदार खोटे बोलला नव्हता. मी एका मोरीच्या कठड्यावर बसलो, कारण मागच्या दिव्याशिवाय अंधारात सायकल चालवणे म्हणजे काय, ते मला नुकतेच कळले होते. बसल्या-बसल्या जाणाऱ्या टोळ्या मोजल्या. चौदा गाड्या गेल्या. मागे उजेड असलेल्या तीन. त्यांतल्या एकीच्या मागे कोणीतरी मुलांच्या खेळण्यातला आरसा बांधलेला होता.

पहिला तास त्या दिवशी बुडाला. रात्री फोन आला. "सर, बंद पडलाय. शेल कुठून घालायचे?" त्याला शेल नसतात, मोबाइलची पिन लागते, हे समजावून सांगितले. पिन टोळीत एकाच्या मोबाइलची होती, ती बसली.

त्या सुट्टीत मी राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना घेऊन मांजरसुंब्याच्या चौकात चमकत्या पट्ट्या लावावयास गेलो. ह्यात फार मोठे यश आले असे सांगण्याचा मोह होतो, पण आले नाही. काही जण थांबले. बरेच थांबले नाहीत. एका मुकादमाने मला बाजूला घेऊन, मी कुठल्या युनियनचा, असे विचारले. एकाने, पोलिसांना दाखवायला फोटो काढता काय, म्हणून मुलांना दटावले. आणि ज्यांना लावल्या त्यांच्यापैकी काही ट्रॉल्या मी पुढे सुट्टीत बाहेर गेलो असता पाहिल्या. उसाच्या फडातल्या चिखलाने पट्ट्या पार झाकून गेल्या होत्या. फडक्याने पुसल्या की चमकतात. पण पुसणार कोण? पहाटे तीनला उठून ऊस तोडणाऱ्या माणसाने, ट्रॉलीची पाठ पुसावी अशी अपेक्षा धरणे अवघडच आहे. साखर कारखान्यांवर दर हंगामात अशा मोहिमा होतात. त्यांच्याही पट्ट्यांना हाच चिखल लागत असणार.

ब्रेव्हे मी पुरी केली. बारा तास चाळीस मिनिटे. शेवटच्या तीस किलोमीटरांत मी जे काही बोललो ते सोबतच्या मुलांनी ऐकले नाही, असे मी समजतो. पदक घरी टी.व्ही.वर ठेवले आहे. मेहुण्यांनी ते पाहून विचारले, "आता शुगर किती?"

मोटार मीही चालवतोच. फरक म्हणाल तर काळोखात पुढ्यात काही काळे दिसले की माझा पाय आधी ब्रेकवर जातो आणि नजर वर जाते. हॉर्नची सवय अजून पूर्ण गेलेली नाही.

तो मुलगा एप्रिलमध्ये हंगाम संपवून आला तेव्हा दिवा परत द्यावयास घरी आला होता. काच घासून-घासून धुरकट झाली होती. मी तो परत घेतला नाही. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बाहेरून बसता येते, हे मी त्याला सांगितले. "बगू, सर" म्हणाला. फॉर्म घेऊन गेला आहे, अजून भरलेला नाही.

परवा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. औंदा मुकादम दुसरा, कारखाना कर्नाटकातला. "सर, तेवढं एक काम हुतं. औंदा आपल्या मागं टायरगाड्या पण हैत, बैलांच्या. त्या तर काईच दिसत न्हाईत. आजून दोन दिवे भेटतील का? पैसे उचलीतून देतो."

पैशांचे नंतर बघू, म्हणालो, आणि दुकानात जाऊन घेऊन आलो. पिशवी टेबलावर ठेवली होती. त्यातली पावती सौभाग्यवतींच्या हाती लागली.

"अहो," त्या म्हणाल्या, "सायकल एक, आणि हिला दिवे किती?"